खडकवाडी धरलीच नाही

मडिवाळप्पा बिरादार हा जन्माचा उतावळा. चहा निवेपर्यंत त्याला दम नसायचा, तोंड भाजून घ्यायचा. आणि नशीब बघा, पोटापाण्याला काम मिळालं ते वाट बघण्याचं. नांदेडला एम.एस्सी. करून तो लातूरच्या एका खासगी कॉलेजात संगणक शिकवायला लागला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली वसतिगृहातल्या पोरांना कॉलेजनं घरी धाडलं, आणि प्रयोगशाळेतले सगळे संगणक एकट्या मडिवाळप्पाच्या ताब्यात आले. दुष्काळातही कुणाचं ना कुणाचं फावतंच.

उदगीरकडं नवा जिल्हा होणार, अशी हूल तेव्हाही उठली होती. जिल्हा काही झाला नाही. पण त्याच्या तयारीच्या नावाखाली जिल्हा कचेरीतल्या शेषेराव नावाच्या एका साहेबानं काम काढलं. गावोगाव यंत्र बसवायचं आणि तिथून टँकरची मागणी थेट कचेरीत पोचवायची. त्याआधी संगणकात खोटं जाळं उभारायचं, त्यातून खोटे निरोप सोडायचे आणि कुठं तुंबतं ते बघायचं. ही चाचणी मडिवाळप्पाकडं आली.

जाळं मोठं, म्हणून त्याचे तुकडे करून एकेका संगणकाला वाटून दिलेले. पण एकानं पुढं पळून चालत नाही. शेजाऱ्याकडून आधीच्या वेळेचा निरोप उशिरा येऊन पडला तर सगळंच चुकतं. पंगतीतल्यासारखंच ते, शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. एका चाचणीला अख्खी रात्र जायची, आणि त्यातला बहुतेक वेळ संगणक एकमेकांची वाट बघत बसायचे. मडिवाळप्पाला ते बघवेना. त्यानं तुकडे नव्यानं पाडले, जिथं निरोपांची ये-जा कमी तिथंच काप घेतला. वेळ निम्म्यावर आला. काम खरोखर नामी होतं, कुणीही पाठ थोपटावी असं.

तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण चटक लागली. आणखी वेळ वाचावा म्हणून त्यानं वाड्या आपापल्या मोठ्या गावांत मिसळून टाकल्या. त्यात त्याला वावगं काही वाटलंच नाही. तो स्वतः खडकवाडीचा. आणि खडकवाडीचा माणूस नांदेडात भेटो की लातुरात, गाव विचारलं की शेजारचं चिंचहाळी सांगणार. वाडीचं नाव घ्यायला त्याची जीभ जड होते. जी वाडी आपणच मोजत नाही, ती संगणकानं तरी कशाला मोजावी?

आता चाचणी चहा होईस्तोवर संपायला लागली. साहेब खूश.

"साहेब, ही कच्ची चाचणी हाय," मडिवाळप्पा म्हणाला. "वाड्या सुट्या धरून एकदा पक्की करावी लागंल. रात्रभर चालंल."

"एवढं पळवलंस आन् आता रात्रभर बसू म्हनतोस? कुठंच तुंबून न्हाई राहिलं, दिसतंय की!"

आठवड्याभरात सगळ्या मास्तरांसमोर मडिवाळप्पाचा सत्कार झाला. खांद्यावर शाल पडली आणि त्यानं तोंड मिटलं. साहेब निगरगट्ट होताच. पण हे तोंड मिटणं मडिवाळप्पाचं स्वतःचं होतं, त्याचा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

चाचणीत वाड्या नव्हत्याच, म्हणून यंत्रं बसली ती गावांत. वाड्यांना एकही नाही. खडकवाडीनं आपली मागणी चिंचहाळीत येऊन नोंदवायची, तिथं आसपासच्या साऱ्या वाड्यांची झुंबड, आणि त्यात यंत्र रोजच तुंबलेलं. वाडीचा टँकर कधी निघालाच नाही. चिंचहाळीच्या विहिरीत एक टँकर ओतला जायचा. गावाचं भरून झालं की उरलेल्या गाळावर वाडीच्या बायांची रांग.

हे कानावर आल्यावर मडिवाळप्पानं वाड्या सुट्या धरून चाचणी चालवली. जिथं खरं तुंबत होतं तिथंच संगणकातही तुंबलं. तो धावत साहेबाकडं गेला. साहेब म्हणाला, काम संपलं, आता कशाला उकरतोस?

तो वाडीला गेला. थोरली बहीण गुरम्मा घरी नव्हती, चिंचहाळीच्या विहिरीवर रांगेत बसलेली सापडली. त्यानं तिथंच तिच्याशेजारी बसून सगळं सांगून टाकलं. शरमेनं त्याची मान वर होत नव्हती.

"मंजी आधीच कळलं असतं?" तिनं विचारलं.

"हाव, अक्का."

"मग का न्हाई केलंस, तम्मा?"

"लई येळ लागत होता. अख्खी रात्र."

गुरम्मानं त्याच्याकडं नीट पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसवेना.

"आमी रोजच रात्र काढतो की हितं," ती म्हणाली. "तुला एक जड झाली?"

पुढची बाई उठली. गुरम्मा घागर सरकवत पुढं झाली.