कार्टूनमधली बाई आणि मावशीची घागर

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, सोमवारी सकाळी सहाला, उदगीरमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी टँकर येऊन थांबला तेव्हा. ‘असं चालतंच’ म्हणून जे सोडून दिलं जातं, त्याची वेळ लिहून ठेवावी लागते.

आदल्या संध्याकाळी टीव्हीवर विनोदी कार्टून लागलं होतं. एक सिनेमातला हिरो दुष्काळी गावात येतो. कॅमेरा चालू असेपर्यंत डोक्यावर हंडा घेतो, बंद झाला की बाटलीतल्या पाण्यानं हात धुतो. आमच्याकडेही असाच एक येऊन गेला होता, त्याच्या फोटोपायी टँकर अडवून ठेवला होता. म्हणून मीही हसले. मग रांगेत एक बाई आली. काळीकुट्ट, दात पुढे, लुगडं निळं. अख्ख्या गावात ‘लई’ आणि ‘हाय’ बोलणारी ती एकटीच, बाकीचे पुण्यातल्यासारखे बोलत होते. सगळ्यांना ढकलत ती पुढे घुसली आणि म्हणाली, “सरका, माझा टँकर राखीव हाय!” मागे हशा वाजला. तो टीव्हीतच भरलेला असतो, आपण नाही हसलो तरी त्यांचं भागतं.

आमच्याकडे रांगेत माणसं उभी राहत नाहीत, घागरी राहतात. संध्याकाळी घागर ठेवायची, तोच आपला नंबर. पण आमच्या बौद्ध गल्लीच्या घागरी शेवटी, हे न सांगता ठरलेलं. पाइप तिथवर येईस्तोवर टँकरचा तळ लागायचा. मावशी डाळमिलमध्ये कामाला. सातच्या आत पोचलं नाही तर त्या दिवशी काम नाही. म्हणून त्या संध्याकाळी तिनं सगळ्यांच्या आधी जाऊन घागर तिसरी ठेवली होती.

सकाळी समोरच्या बागायतदार घरातली काकू मोठ्यानं म्हणाली, “अगं, तू कशाला हितं? तुझा राखीव टँकर मागून यायलाय की!”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दुसरी म्हणाली, “हाव, टीव्हीत दावलं न्हाई का काल!”

मावशी म्हणाली, “काकू, नंबर माझा हाय. घागर बघा.”

तेवढ्यात कुणीतरी ती घागर पायानं मागे सरकवली. इतरांच्या घागरी सरकवायच्या तर हातानं सरकवतात. मावशीला त्या दिवशी पाणीही मिळालं नाही आणि कामही.

मी तेव्हा नव्या जिल्ह्याच्या समितीत पत्रकं लिहायचे. लातूर लांब पडतं, उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, हे मी किती वेळा लिहिलं असेल. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त गुरुजी. पाण्यासाठी समितीनं बुधवारी घागर मोर्चा ठेवला होता, त्यात तेच कार्टून पडद्यावर लावायचं त्यांनी ठरवलं.

“त्या हिरोची कशी उतरवलीय बघ! आपल्याच बाजूचं हाय ते, पोरी.”

“आणि ती बाई, गुरुजी?”

“कार्टून हाय ते. कार्टूनला कुठं जात असती?”

“आपल्या घागरीला हाय.”

“तुझं हे बिनकामाचं. आधी जिल्हा होऊ दे, मग बघू.”

बुधवारी चौकात हशा दोनदा झाला. एकदा हिरोवर, एकदा त्या बाईवर. दुसरा मोठा होता. मावशी रिकामी घागर घेऊन बायांमध्ये बसली होती, मोर्चाला ये असं मीच तिला सांगितलं होतं. ती उठली नाही. कार्यक्रम संपल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, “नवा जिल्हा झाल्यावर रांग कुठून सुरू होणार गं?”

हा प्रश्न मी पुढच्या पत्रकात पहिल्या ओळीत घातला. समितीनं पत्रक छापलं, ती ओळ काढून. त्यानंतर मी त्यांच्यासाठी लिहिलं नाही. टँकर येत राहिला. मावशी घागर तिसरीच ठेवायची आणि ती रोज शेवटी सापडायची.

वाचणाऱ्यांनो, हळहळू नका, ते आम्हाला पुरून उरलंय. उद्या टँकरवर जा. तुमची घागर मागे घ्या आणि शेवटची घागर हातानं उचलून पाइपाखाली धरा. कुणी हसलं तर तिथंच विचारा, कशाला हसलात?