सर्जेरावचे सात दिवस

जालन्याच्या एमआयडीसीत ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांना चिमटेवाला म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगायचं तर असं. भट्टीतून लोखंडाचा लालभडक ठोकळा निघतो आणि एकामागून एक रोलांमधून दाबला जातो. दर वेळी तो बारीक आणि लांब होत जातो. रोलातून सळईचं तोंड बाहेर आलं की समोरच्या माणसाने ते चिमट्यात पकडायचं, अर्धं वळायचं आणि शेजारच्या रोलात घालायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे व्हावं लागतं. तोंड सुटलं तर मागून येणारी सळई थांबत नाही. ती हवेत उडते आणि वेटोळं घालून खाली येते.

म्हणून तिथल्या एका सळईच्या मिलमध्ये कामगारांनी स्वतःच एक रीत पाडली होती. नवा चिमटेवाला पहिले सात दिवस एकटा उभा राहत नसे. एक जुना माणूस त्याच्या मागे उभा राहून त्याचा कमरेचा पट्टा मुठीत धरून ठेवी. या जुन्या माणसाने चिमट्याला हात लावायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. सळई उडाली की फक्त मागे ओढायचं. त्याला ‘पाठचा’ म्हणत. कंपनीच्या कुठल्याही कागदावर असं पद नव्हतं. ते काम आपल्या सुटीच्या वेळात, फुकट करायचं असे.

भुजंग टेंभुर्णीहून मिलमध्ये आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. घरी शेती होती, पण तीन भावांत पुरणारी नव्हती. त्याचा पाठचा होता सर्जेराव खरात. परतूरजवळच्या खेड्यातून रोज रेल्वेने येणारा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. चौथ्या दिवशी भुजंगच्या चिमट्यातून सळई सुटली. पुढचं त्याला काहीच आठवत नाही. शुद्धीवर आला तेव्हा तो सहा फूट मागे उताणा पडला होता आणि खालून आवाज आला,

“ऊठ बाबा आता. माझ्या अंगावर पडला तू. घरी काय खाऊ घालून राह्यलेत तुला?”

सर्जेरावचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. ती गोष्ट त्याने कधी पुन्हा काढली नाही.

वर्षं गेली. भुजंग बोलण्यात तयार होता, तो युनियनचा सेक्रेटरी झाला. सर्जेरावने मात्र एकही पद घेतलं नाही. सभेला यायचा, दाराशी बसायचा, आणि परतूरच्या गाडीची वेळ झाली की उठून जायचा. युनियनच्या कार्यालयात भिंतीवर वीस-बावीस फोटो होते. त्यातल्या एकाही फोटोत तो नव्हता. भुजंग कधीकधी चिडून म्हणायचा, “सर्जेरावभाऊ, तुमच्यासारख्यांनी युनियन चालत न्हाई.” सर्जेराव म्हणायचा, “बराबर आहे.” आणि गाडी पकडायला निघायचा.

एके काळी त्या मिलमध्ये एकशेचाळीस चिमटेवाले होते. आजूबाजूच्या मिल एकेक करून बंद पडल्या. ज्या टिकल्या त्यांनी सळई आपोआप वळवणारी यंत्रं बसवली. या मिलमध्ये माणसं कमी होत होत एकतीस उरली. आणि चार वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, मॅनेजर राधेश्यामजींनी युनियनला बोलावून सांगितलं की दीड-दोन वर्षांत इथेही यंत्र येणार आहे, तोपर्यंत चिमट्याचं काम ठेकेदार बघेल. कायम कामगारांनी ठेकेदाराकडे नाव लावावं, नाहीतर घरी बसावं.

एकतिसांनी गेटसमोर सतरंजी टाकली.

बाराव्या दिवशी गेटवर नोटीस लागली. भुजंगने ती मोठ्याने वाचून दाखवली. जो कामगार गेटच्या आत पाऊल ठेवील, त्याला नव्या अटी मान्य आहेत असे समजण्यात येईल. भुजंगला त्यातली खोच लगेच कळली. कंपनीला एकतीसच्या एकतीसजण आत यायला नकोच होते. दहा जरी आत गेले तरी उरलेल्यांचं बोलणं कुणी ऐकून घेणार नव्हतं. आणि सतरंजीवर चलबिचल सुरू झालीच होती. दोघांच्या मुलींची लग्नं ठरली होती. एकाची आई घाटी दवाखान्यात भरती होती.

“एक पाय आत गेला की सगळं गेलं,” भुजंगने बजावलं. “जो जाईल तो आपला न्हाई.”

तेराव्या दिवशी सकाळी ठेकेदाराची गाडी आली. अठरा माणसं उतरली. घनसावंगीकडची, अंबडकडची. ऊसतोड केलेली, बांधकामावर राबलेली. चिमटा मात्र कुणी आयुष्यात पाहिला नव्हता. खाली मान घालून ती सतरंजीच्या बाजूने आत गेली. तातेराव, एकतिसांतला सगळ्यात वयस्कर, ओरडला, “जावई आले रे! पाट मांडा!” लोक हसले. त्या माणसांतला एकजण थांबला, हात जोडून म्हणाला, “मामा, मला दोन लेकरं हायेत.” आणि आत गेला. त्याचं नाव माऊली, हे नंतर कळलं.

तासाभराने भट्टीच्या धुराड्यातून धूर निघाला. रोल फिरायला लागल्याचा घरघराट गेटपर्यंत आला. तेरा दिवसांनी तो आवाज ऐकून सतरंजीवरच्या सगळ्यांच्या माना आतल्या बाजूला वळल्या.

सर्जेराव उठला. त्याने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि गेटकडे चालू लागला.

“भाऊ, कुठं चालले?” भुजंगने विचारलं.

“आत.”

“आत? नोटीस वाचली ना तुमच्यासमोर?”

“वाचली की.”

भुजंग धावत जाऊन त्याच्या आडवा झाला. पंचवीस वर्षांत त्याने सर्जेरावला कधी अरेतुरे केलं नव्हतं. आज केलं. “तीन वर्षं राहिली तुझी रिटायर व्हायला, म्हणून पाय लटपटले का? सगळ्यांना विकून खातो का रे?”

सर्जेरावने त्याच्याकडे पाहिलं. बाजूने वळसा घालून तो गेटच्या आत गेला. वॉचमनने लगेच त्याचं नाव वहीत लिहिलं. ऑफिसच्या खिडकीतून राधेश्यामजी बघत होते, तेही भुजंगला दिसलं.

भुजंगच्या अंगाचा तिळपापड झाला. आता मागोमाग दुसरा जाणार, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत युनियन संपणार. त्याने हातात दगडही घेतला होता, हे तो आता कबूल करतो. रोलिंगचं शेड गेटपासून लांब नव्हतं. तारेच्या कुंपणाला लागून उभं राहिलं की उघड्या बाजूने आतलं सगळं दिसायचं. सर्जेराव कुणाच्या हातातला चिमटा घेतो ते डोळ्यांनी बघावं, म्हणून भुजंग कुंपणाशी गेला.

सर्जेरावच्या हातात चिमटा नव्हता.

तो माऊलीच्या मागे उभा होता. उजवा पाय मागे रोवलेला, शरीर थोडं मागे झुकलेलं, आणि डाव्या मुठीत माऊलीच्या कमरेचा करदोडा आणि पँट, दोन्ही एकत्र गच्च धरलेलं. माऊली घाबरून मागे वळून बघत होता. सर्जेरावने उजव्या हाताने त्याचं डोकं पुढे वळवलं.

भुजंगच्या हातातला दगड कधी गळून पडला ते त्याला कळलं नाही.

त्याच्या शेजारी तातेराव येऊन उभा राहिला. बराच वेळ तारेतून बघत राहिला. त्या लाईनवर एका वेळी नऊ चिमटेवाले उभे असत. अर्ध्या तासाने दुसरे नऊ येत, कारण त्या आगीसमोर त्याहून जास्त वेळ कुणाला उभं राहवत नसे.

“बाकीचे आठ उघडे आहेत,” तातेराव म्हणाला.

“तात्या, नोटीस...” भुजंग म्हणाला.

“नोटीस मला वाचता येत न्हाई. तूच वाचली.” आणि तातेराव धोतराचा सोगा खोचत गेटकडे निघाला.

मग जे झालं, ते भुजंगने कधी सभेत सांगितलं नाही. सतरंजीवरची माणसं उठली. घोषणा नाही, चर्चा नाही. ज्यांच्या मुलींची लग्नं होती तेही उठले, ज्याची आई घाटीत होती तोही. ज्यांना भुजंगने बारा दिवस भाषणं देऊन जागेवर बसवून ठेवलं होतं, ती माणसं एकाही भाषणाशिवाय गेटमधून आत चालली होती. प्रत्येकाला माहीत होतं की वॉचमन नाव लिहितो आहे. तीस-तीस वर्षांची नोकरी एका पावलात टाकून देत ती माणसं भुजंगसमोरून गेली.

भुजंग सतरंजीवर एकटा उरला. सेक्रेटरी या नात्याने त्याने बाहेर राहायला हवं, असा एक विचार त्याच्या मनात आला. तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, “भुजंगा, पाचव्यावर माणूस न्हाई!” आणि त्याचे पाय आपोआप निघाले.

पाचव्या जागेवर अंबडकडचा एक आडदांड गडी होता. भुजंगने त्याचा पट्टा धरला. दहा मिनिटं झाली असतील, नसतील. सळईचं तोंड चिमट्याला घासून सुटलं, लाल रेघ वर उठली, आणि भुजंगने सगळा जीव पाठीत आणून ओढलं. दोघे धाडकन मागे पडले. गडी जिथे उभा होता तिथे सळईचं वेटोळं पडलं आणि जमिनीवर धूर निघायला लागला. शेडमध्ये रोल थांबवले गेले. तो आडदांड गडी उठून बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. भुजंगने लाईनवर नजर टाकली. नऊ माणसं आणि प्रत्येकाच्या मागे एक माणूस. एकानेही पट्टा सोडला नव्हता.

राधेश्यामजी हजेरीचं रजिस्टर घेऊन स्वतः आले. खुशीत होते. “आ गए ना सब? चला, बरं झालं. सह्या करून टाका.”

“सह्या कशाच्या?” भुजंग म्हणाला. “आम्ही कामावर न्हाई आलो.”

“मंग काय लग्नाला आले का?”

“साहेब, एकाच्या तरी हाताला चिमटा लागलाय का बघा. विचारा तुमच्या ठेकेदाराच्या माणसांना.”

राधेश्यामजींनी सगळीकडे पाहिलं. त्यांनी मग सर्जेरावलाच विचारलं, कारण तो पहिला आत आला होता. “खरात, तुम्ही तरी सांगा. काम करत नाही, पगार मागत नाही, तर आत काय करून राह्यले?”

“सात दिवस लागतात, साहेब,” सर्जेराव म्हणाला. “सात झाले की जातो.”

आणि खरोखर सात दिवस ती माणसं आत गेली. सकाळी सतरंजीवरून उठून आत, अर्धा तास पट्टा धरून, अर्धा तास बाजूला. पाळी संपली की परत सतरंजीवर. एका पैशाची मजुरी नाही, रजिस्टरवर एक सही नाही. ज्या माणसांमुळे त्यांची नोकरी जात होती, त्या माणसांना रात्री धडधाकट घरी पाठवायचं काम हे एकतीसजण करत होते. भुजंगने त्या सात दिवसांत कामगार आयुक्तांना लिहायचा तीन पानी अर्ज दोनदा फाडला. जे चाललं होतं ते कागदावर कसं मांडायचं, हेच त्याला उमगेना. त्या आठवड्यात सळई आणखी दोनदा उडाली. कुणाला साधा फोडही आला नाही.

आठव्या दिवशी सकाळी ठेकेदाराची गाडी आली. अठरा माणसं उतरली आणि गेटच्या आत गेलीच नाहीत. माऊली पुढे आला.

“मामा, जरा सरका,” तो सर्जेरावला म्हणाला, आणि सतरंजीवर बसला. मागोमाग सतरा.

तातेराव म्हणाला, “आता सतरंजी पुरत न्हाई. जावयांनी हुंड्यात घेऊन यायची होती एखादी.”

मिल चार दिवस बंद राहिली आणि मग बोलणी झाली. आत गेल्यामुळे नव्या अटी लागू झाल्या, हा मुद्दा कंपनीने मांडून पाहिला. कामगार कार्यालयात अठरा माणसांनी एकसुरात सांगितलं की यांनी चिमट्याला हात लावला नाही. तो मुद्दा तिथेच पडला. एकतिसांची कायम नोकरी निवृत्तीपर्यंत राहील, असं ठरलं. ठेकेदाराच्या माणसांना बूट, विमा आणि अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली.

त्यापुढचंही सांगायला हवं. यंत्र आलंच. माऊली आणि त्याचे सोबती यंत्र आल्यावर आठवड्याभरात गेले. कायम माणसांतले बरेचसे पैसे घेऊन आधीच बाहेर पडले. आज त्या शेडमध्ये सळई आपोआप वळते, आणि काचेच्या खोलीत दोन मुलं पडद्याकडे बघत बसतात. युनियनच्या कार्यालयाच्या जागेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फोटो भुजंगच्या घरी माळ्यावर आहेत.

गेल्या उन्हाळ्यात भुजंग परतूरला एका लग्नाला गेला होता. तिथून सर्जेरावच्या घरी गेला. सर्जेरावच्या बायकोने, शिवकन्याबाईंनी, पाणी दिलं, चहा टाकला. दोघे ओट्यावर बसले. भुजंगने इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

“भाऊ, त्या दिवशी तुम्हाला वाटलं होतं का, की आम्ही मागून येऊ?”

“न्हाई.”

“बिलकुल न्हाई?”

“मला वाटलं तू दगड घालशील डोक्यात.” सर्जेराव हसला. “हातात होता की तुझ्या.”

“म्हणजे पाहिला होता तुम्ही!”

“पाहिला ना. जल्दी जल्दी चाललो मंग.”

भुजंगला हसू येईना. “मंग नोकरी जाणार हे कळत होतं, युनियन जाणार हे कळत होतं, तरी गेले. का?”

सर्जेरावने थोडा विचार केला. आठवून सांगावं तसा तो म्हणाला, “तो माऊली गाडीतून उतरला, तेव्हा त्याच्या पायात चप्पल होती. रबरी.”

भुजंग त्याच गेटवर उभा होता. तीच अठरा माणसं त्याच्यासमोरून गेली होती. त्याने ती मोजली होती, शिव्या दिल्या होत्या, घोषणा दिल्या होत्या. कुणाच्या पायात काय होतं, हे त्याला आजही सांगता आलं नसतं.

“चप्पल घालून रोलसमोर,” सर्जेराव म्हणाला आणि नुसती मान हलवली, जणू त्याहून वेगळं काही करण्यासारखं त्या सकाळी नव्हतंच.

शिवकन्याबाई चहा घेऊन आल्या. भुजंगने दोन्ही हातांनी कप घेतला आणि कितीतरी वेळ तो तसाच धरून बसला.