द्रौपदाबाईची बिनकुलपाची पेढी

द्रौपदाबाईचा पारा चढायला एरवी कारण लागत नाही, त्या सकाळी मात्र होतं. नरडाण्याजवळच्या तिच्या गावी एका परदेशी अन्नसंस्थेच्या मृणालीताई बायांची बियाणं-पेढी बघायला आल्या होत्या. पसंत पडली, तर वीस गावांना दादर ज्वारीचं बियाणं या बायाच पुरवणार. नाही, तर काम शहरातल्या बड्या संस्थेला. आणि समाजमंदिराच्या खोलीत ताईंना दिसलं काय? एक सतरंजी, एक झाडू.

"साठा कुठंय?"

"घराघरात!" द्रौपदाबाई म्हणाली.

गटाचे कागद सांभाळणारा धम्मपाल तिच्या कानाशी लागला, "अक्का, म्हटलं होतं ना, चार गोण्या रचून ठेव!"

"नाटक करू? एका खोलीत ठेवलं अन् उंदीर लागला, की गावाची पेरणी गेली. सरक!"

ती बाहेर ओट्यावर आली. शाळा सातवीत सुटलेली, पण आवाज पार नाल्यापलीकडे जाणारा. "बठ्ठ्या जणी मडकी लई या वं!"

गल्ल्याच उसळल्या. कुणाचे हात पिठाचे, कुणाचा पदर ओला, डोक्यावर मडकं सगळ्यांच्या! पाव तासात ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. मृणालीताईंनी एकात हात घातला. वर राख, कडुलिंबाचा पाला, खाली टपोरी दादर. दाणा दाताखाली धरला. कडक्! हसल्या. मग मोजायला लागल्या, आणि थांबल्या.

"कागदावर चव्वेचाळीस घरं. इथं मडकी त्रेचाळीस."

"मंजुळाबाई दोंडाईच्याला गेली," कुणीतरी पुटपुटलं. "घराला कुलूप."

धम्मपालनं कपाळाला हात लावला.

"पेरणीच्या दिवशी ती अशीच नसली तर?" ताईंनी विचारलं.

प्रश्न रोकडा होता. द्रौपदाबाई खुशीत आली. "भागाबाई, पळ!"

भागाबाई पळाली ती दुसरं मडकं घेऊनच आली. धापा टाकत म्हणाली, "तिनं अर्धं मन्हा घर शे. मन्हं अर्धं तिना घर!"

चव्वेचाळीस जणींचं तसंच. निम्मं आपल्याकडे, निम्मं दुसऱ्या गल्लीतल्या जोडीदारणीकडे.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवणारे आज आले ना, फॉर्म घेऊन!" द्रौपदाबाईनं टोला हाणला. बाया खदखदल्या, ताईही. त्यांनी 'गोदाम' शब्दावर रेघ मारली, वर लिहिलं, 'चव्वेचाळीस घरं', आणि सही ठोकली.

"आता सभासदांची नावं सांगा."

"मंजुळाबाईचं पहिलं लिहा," द्रौपदाबाई म्हणाली. "तिच्या कुलपानंच जिंकवलं!"