मंगळवारची ओटी, शनिवारचं तेल

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही ठाण्याहून डोंबिवलीला राहायला आलो. चाळ नवी होती, मागे भातशेती. बांधावर चिंचेखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. त्याला नाक-डोळे काही नव्हते. शेंदराचे थर चढून चढून तो घागरीएवढा झालेला.

चाळीतली बिऱ्हाडं बहुतेक कोकणातली. शेंदूर म्हणजे मारुती, असं सगळे धरूनच चालले. शनिवारी पुरुषमंडळी तेल घालायची, रुईच्या पानांची माळ चढवायची. ज्यांची शेतं होती, त्या आगरी घरांतल्या बायका मंगळवारी यायच्या. त्यांच्या लेखी ती गावदेवी. हिरव्या बांगड्या आणि खण ठेवून जायच्या. शनिवारी आमचे लोक खण बाजूला सारायचे, मंगळवारी त्या माळ उतरवायच्या. भांडण असं कधी झालं नाही.

मग चाळकऱ्यांनी दगडाभोवती सिमेंटचा ओटा बांधला. पुढाकार माझ्या वडिलांचा. मारुती ब्रह्मचारी, तेव्हा बायकांनी लांबूनच नमस्कार करावा, असंही ठरलं.

त्याच श्रावणात माझी धाकटी बहीण विषमज्वराने आजारी पडली. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण ताप हटेना. दारावर भाजी घेऊन येणाऱ्या आगरी बाईने आईला सांगितलं, आमच्या आयेला ओटी बोल. आईने वडिलांना न विचारता नवस बोलला. गणपती गेल्यावर बहीण उठून बसली, मऊ भात मागायला लागली.

दसरा मंगळवारी आला. कचेऱ्या बंद, त्यामुळे सगळे पुरुष ओट्यापाशीच होते. आई नारळ, खण आणि तांदूळ घेऊन निघाली. बरोबर ती भाजीवाली आणि मी. ओट्यावर पाय ठेवणार, तोच शेजारच्या बिऱ्हाडातले एक वयस्क गृहस्थ आडवे आले. मारुतीला बाईचा हात लागू नये, असं त्यांचं म्हणणं. भाजीवाली म्हणाली, ही आमची आय हाय, आमच्या आजे-पणजेपासून. सगळे वडिलांकडे बघायला लागले.

वडील आईला हळूच म्हणाले, "खाली ठेव. मी वर ठेवतो."

"ओटी बाईनेच भरायची असते," आई म्हणाली. "मी हिच्याकडे पोरगी मागितली. मारुतीकडे मागितली असती तर त्याला तेल घातलं असतं."

तिचा आवाज चढला नव्हता. मला भीती वाटली, वडील आता सगळ्यांसमोर तिला परत पाठवणार. वडील ओट्यावर चढले. मग वाकले, दगडावरची रुईची माळ स्वतः उतरवली आणि हातात धरून बाजूला झाले. आईने ओटी भरली, भाजीवालीला हळदकुंकू लावलं. त्या खाली उतरल्यावर वडिलांनी माळ पुन्हा चढवली. ते वयस्क गृहस्थ महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी ओट्यावर पाटी लावायची टूम निघाली. मारुती लिहायचं की गावदेवी, यावर बरीच खडाजंगी झाली. शेवटी रंगाऱ्याने कंटाळून काय ते एकदा सांगा म्हटल्यावर 'ग्रामदैवत' लिहायचं ठरलं. तो नाही, ती नाही, ते. कुणाचीच तक्रार राहिली नाही.

घरात मात्र वडील 'तो पावला' म्हणत आणि आई 'ती पावली'. एकमेकांना त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. बहीण शनिवारी वडिलांबरोबर जायची, मंगळवारी आईबरोबर. शनिवारी तेलाचे हात परकराला पुसून यायची आणि आईची बोलणी खायची.