शेळ्यांच्या लिंबाखालची माती

मी तेव्हाही फटकळ होते, आजही आहे. फरक इतकाच की तेव्हा बोलताना हातात काचेची नळी असायची, म्हणून लोक जरा लांब उभे राहायचे.

जालन्याला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे दोन खोल्यांत आमची प्रयोगशाळा होती. दुष्काळ नुकताच सरला होता आणि सरकारला दिसेल त्या टेकडीवर झाडं लावायची घाई झाली होती. त्यामुळे जंगलातली माती, झऱ्याचं पाणी, वाळका पाला असं सगळं तपासायला आमच्याकडे यायचं. आमच्या घरात मातीत राबले सगळेच, पण खुर्चीवर बसून माती बघणारी मी पहिली. आई कौतुकानं सांगायची, लेक मातीच्या कामावर आहे. ऐकणाऱ्याला वाटायचं, मी गवंड्याच्या हाताखाली आहे.

जाफराबादकडे एक वयस्कर जंगल गार्ड होते. मी त्यांना मामू म्हणायचे. त्यांच्या टेकडीवरची रोपं सलग दोन वर्षं जळून गेली, तेव्हा वरून त्यांना नोटीस आली. टेकडीची माती तपासून घ्या. माती खराब निघाली तर गार्डचा दोष नाही, विषय संपला. चांगली निघाली तर रोपं गार्डच्या हयगयीनं मेली असं धरून नोकरीवरून कमी करू. नोटीस इंग्रजीत होती. मामूंना एवढंच कळलं की माती पास झाली पाहिजे.

पोळ्यानंतर मामू एसटीनं आले. मांडीवर गाठोडं. आत धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात माती, काळीभोर, रव्यासारखी चाळलेली. किंचित शेळ्यांचा वास येत होता. तो मी समोरच्या गल्लीत बांधलेल्या शेळ्यांच्या नावावर टाकला. नमुना कुठून घेतला हे विचारून फॉर्मवर लिहायचं असतं. मी विचारलंच नाही. इतकी देखणी माती समोर आल्यावर चौकशा कोण करतं!

त्या तपासणीत मातीवर नारंगी द्रावण घालायचं, मग आम्ल. माती जितकी कसदार, तितका तो नारंगी रंग हिरवा होत जातो. मामूंची माती आम्ल पडताच हिरवीगार झाली. मी अहवालात ‘उत्तम’ लिहिलं, साहेबांची सही घेतली आणि टपालात टाकला.

आठवड्यानं मामू नक्कल घ्यायला आले.

“मामू, अशी माती अख्ख्या तालुक्यात नसेल.”

“मंग! चांगलीच आणली ना.”

“मग तुमची रोपं मरतात कशी?”

“टेकडीवर काय हाय बाई, निव्वळ मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडते.”

“आणि ही कुठली?”

“ही चौकीम्होरच्या लिंबाखालची. तिथं शेळ्या बसून राह्यल्या कैक वर्षं. घरवालीनं पिठाच्या चाळणीनं चाळून दिली. साहेब लोकांच्या हातात जायची चीज, मुरूम कसा आणू? लाज न्हाई का वाटत माणसाला?”

“अहो मामू, काय करून बसलात हे!” मी ओरडलेच. त्यांच्या खिशातली नोटीस मागून घेतली, तेव्हा कुठे ती पहिल्यांदा वाचली आणि त्यांना मराठीत सांगितली. मामूंनी कागद परत घेऊन उलटून पाहिला.

“म्हंजे नापास व्हायचं होतं?” त्यांनी विचारलं.

मला त्यांचा राग आला होता तो तिथेच उतरला. पलीकडे मोंढ्यात रोज हेच चालायचं. कापूस असो की ज्वारी, दाखवायला मूठ काढायची ती चांगलीच. चूक माझी होती. फॉर्मवरची ‘नमुना कुठून घेतला’ ही ओळ कोरी होती आणि त्या फॉर्मखाली सही माझी होती.

साहेब म्हणाले, गेलेला अहवाल परत येत नसतो. मी भांडले. शेवटी ते म्हणाले, दुसरा पाठवायचा तर पहिला चुकला कुणामुळे, ते लेखी द्या. मी अजून कायम झाले नव्हते. खोटं कशाला सांगू, दोन कागद फाडले. पण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी स्वतः टेकडी चढले. कुदळीची ठिणगी खरंच उडाली. त्या मुरमावर आम्ल घातलं तरी नारंगी रंग जसाच्या तसा, ढिम्म. ‘रोपांसाठी अयोग्य’ असं इतक्या आनंदानं मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

मामूंची नोटीस मागे घेतली गेली. मला मेमो मिळाला आणि कायम होणं वर्षभर लांबलं.

दिवाळीच्या सुमाराला मामू टोपलीभर सीताफळं घेऊन आले. माझ्या मेमोचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. टोपली टेबलावर ठेवली, पण वर बघेनात.

“बाई, ह्यात दोन किडकी हायेत. घरवाली काढून राह्यल्ती, मी काढू दिली न्हाईत. आता बराबर हाय ना?”

जन्मात कुणाच्या दारी खराब चीज न नेलेला माणूस माझ्यासाठी दोन किडकी सीताफळं घेऊन मान खाली घालून उभा होता. मी पदरानं डोळे पुसले, कोरा फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, “नमुना कुठून घेतला, मामू?”

“टेकडीवरून,” मामू म्हणाले. “तिथं तेवढंच येतं.”