मंदाताईंचे गुलाब

हे नवऱ्यालाही कधी बोलले नाही. तुम्हाला सांगतेय आणि सांगताना—खरं सांगू?—अजूनही जीव थंड होतो.

दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. थोरल्या जाऊबाई, मंदाताई, शेत बघायच्या. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा सासऱ्यांच्या मागे लागून त्यांनी गुलाबासाठी प्लास्टिकच्या कागदाचं पॉलिहाउस उभं करून घेतलं. अख्ख्या घरात त्यांचं स्वतःचं असं तेवढंच होतं. मला ते पक्कं ठाऊक होतं—म्हणून तर!

पण आधी बोरन्हाण. त्यांच्या सईचं, संक्रांतीनंतर. गावातल्या बायका जमलेल्या. मीही ओंजळभर बोरं-चुरमुरे घेऊन पुढे झाले, तर ताईंनी पोरीला मागे ओढलं. "तू राहू दे गं. मूल नाय ज्या हाताला, तो पोरीच्या डोक्यावर नको." बाकीच्या बायका ओंजळी भरून पुढे सरकल्या. मी बोरं परत परातीत टाकली.

काय करायचं होतं मी? भांडायचं? रडायचं? मी वाट पाहिली.

फेब्रुवारीत, गुलाब ऐन कळीत असताना, ताई भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या. जाताना मलाच बजावून गेल्या—सकाळी बाजूचे पडदे वर गुंडाळ, नाहीतर आत गरमी कोंडते. मला सांगत होत्या! वर्गात मी दुसरं काय शिकवायचे? ऊन आत येतं, उष्णता बाहेर पडत नाही.

रविवार होता. घरचे सगळे द्राक्षं काढायला गेलेले. मी पडदे उघडलेच नाहीत. भर दुपारी आत जाऊन उभी राहिले. श्वास कोंडला, घाम डोळ्यांत उतरला, कळ्यांच्या माना लवल्या होत्या—आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. उन्हं कलल्यावर पडदे वर केले. सकाळीच उघडले होते, असं सगळ्यांना शपथेवर सांगितलं.

कळ्या करपल्या, झाडंही सावरली नाहीत; ऐन कळीत बाग सोडून गेल्या म्हणून सासऱ्यांनी ताईंनाच बोल लावला. पॉलिहाउस मोडलं, तिथे द्राक्षं लावली. ताई माझ्याकडेच आल्या, मी शिकलेली म्हणून. "लय ऊनही नव्हतं, मग झालं कसं गं?"

"ग्लोबल वॉर्मिंग, ताई," मी म्हणाले. "सगळी पृथ्वीच तापतेय."

एवढं खरं संकट, आणि मी ते माझ्या खोट्यावर झाकण म्हणून वापरलं. ताईंनी डोळे पुसले. पुढे वर्षानुवर्षं त्या येईल-जाईल त्याला हेच सांगत राहिल्या.

सई सातवीत माझ्याच वर्गात आली. एकदा हरितगृह परिणाम समजावताना मी फळ्यावर पॉलिहाउस काढलं, शेजारी पृथ्वी. हवेतला कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, आणि कोळसा-पेट्रोल जाळून माणसांनीच तो वाढवलाय, असं म्हणाले.

सईनं हात वर केला. "म्हणजे मॅडम, आईचे गुलाब माणसांनीच मारले?"

मी तिच्या बाकाजवळ गेले. "हो, माणसांनीच," म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.