दुधाच्या सायकलीची सीट

कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केल्या त्या एका आशेवर. सुटलो की सायकलनं कन्याकुमारीला जायचं. मावळाबाहेर मी फारसा कुठं गेलोच नव्हतो. निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात घोरावाडीच्या घरी ओट्यावर सायकल उभी केली आणि तयारीला लागलो.

तयारी म्हणजे रोजची वादावादी. मला सगळं सुखाचं हवं होतं. रुंद मऊ सीट, उंच हँडल, मागं कॅरिअरला दोन पिशव्या, त्यात तंबू, हवेची उशी, स्टोव्ह. बायको एकेक वस्तू हातात घेऊन वजन बघायची. "अहो, सायकल चालवणार आहात की घर हलवणार आहात?" मी चिडायचो. स्टोव्ह तिच्या म्हणण्यानं घरी राहिला. उशी मात्र मी गुपचूप परत पिशवीत कोंबली.

सीटच्या उंचीबद्दल तर मी कुणाचंच ऐकलं नाही. माझे वडील सायकलवरून दुधाचे रतीब घालायचे. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, त्यामुळे थांबलं की दोन्ही पाय जमिनीला पक्के टेकायला हवेत, नाहीतर दूध रस्त्यावर. म्हणून दूधवाल्यांच्या सायकलीची सीट पार खाली. मी त्याच सायकलवर शिकलो. पाय टेकले की जिवाला बरं वाटतं, एवढंच मला कळत होतं.

वडिलांच्या सायकलीचीही पंक्चरं ज्यांनी काढली, ते म्हातारे मिस्त्री आबा पाना हातात घेऊन म्हणाले, "आरं, कॅन लावायच्यात का तुला? लांब जायाचं तर सीट चार बोटं वर घे. पाय जरा ताणला पायजे, न्हाईतर गुडघं जात्याल."

"असू द्या आबा. वडिलांनी जन्म काढला अशाच सीटवर."

"त्यो गावातल्या गावात फिरायचा," आबा म्हणाले आणि पाना खाली ठेवला.

चाचणी म्हणून सगळ्या सामानासकट लोहगडवाडीला निघालो. मळवलीपर्यंत गुडघा कुरकुरत होता, तरी मी मजेत होतो. पुढं चढाला उजव्या गुडघ्यात कळ आली. शहाणा माणूस उतरला असता. मी हट्टाला पेटलो, दातओठ खात पायडल मारत राहिलो. वर पोहोचलो खरा, पण उतरल्यावर पाय सरळ होईना. तिथल्या एका टपरीवाल्या मावशींनी खुर्ची दिली, टेम्पोही त्यांनीच बघून दिला. "कशापायी जीव काढता भाऊ ह्या वयात?" त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. गुडघ्यातली गादी आधीच झिजलेली, उरलीसुरली मी घालवली. "चालायचं असेल तर सायकल विसरा," म्हणाले. त्याला आता सहा महिने झाले. जिना एकेक पायरीनं उतरतो. स्वतःचाच इतका राग येतो, आणि तो काढू कुणावर?

परवा बायको बाजारात गेली तेव्हा पाना शोधला आणि सीट चार बोटं वर घेतली. भिंतीला धरून कसाबसा वर चढलो, पायडल उलटं फिरवून पाहिलं. गुडघा दुखला नाही. आबांचं अगदी बरोबर होतं. मग उतरायला गेलो तर पाय जमिनीला पोहोचेना. बायको येईपर्यंत भिंत धरून तसाच बसून राहिलो.